बॅरल साफ करताना आत काय घालायचं आणि काय नाही

आमच्या सोप्यात जो कुणी आपलं शस्त्र साफ करायला घेऊन येतो, त्याला बसायच्या आधी एक गोष्ट सांगतो: हात तुमचे, डोळे माझे. मी सैन्यात आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा कारागीर होतो. ईएमईत, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्तीच्या शाखेत 22 वर्षं काढली आणि आता कोल्हापूरच्या कसबा बावड्यात राहतो. गाव गडहिंग्लज तालुक्यातलं. आमच्याकडं फौजेत माणूस नाही असं घर शोधावं लागतं, त्यामुळं पेन्शनीत आलेल्या जवानाकडं शस्त्राचं काही ना काही विचारायला लोक येतातच. पण शस्त्र अधिनियम 1959 प्रमाणं दुसऱ्याचं शस्त्र दुरुस्त करायला वेगळा परवाना लागतो, आणि तो माझ्याकडं नाही. म्हणून ज्याच्या नावावर परवाना, त्यानंच शस्त्र धरायचं, त्यानंच पुसायचं. मी शेजारी पाटावर बसून सांगायचं. खाली लिहिलंय ते सगळं असंच शेजारी बसून सांगितलेलं आहे.

येणाऱ्यांत ऊस बागायतदार असतात, गुजरीतले सराफ असतात, माझ्यासारखे निवृत्त जवान असतात. त्यांच्याकडं बहुतेक वेळा कानपूरच्या कारखान्यातलं .32 चं रिव्हॉल्व्हर असतं. अलीकडं नेमबाजी शिकणाऱ्या पोरांचे आई-बापही येतात. 2010 साली म्युनिकला तेजस्विनी सावंत जगज्जेती झाली, 2018 च्या एशियाडमध्ये राही सरनोबतनं 25 मीटर पिस्तुलात सोनं आणलं, 2024 ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून कांस्य आणलं. आपल्या जिल्ह्यात आता कितीतरी घरांत एअर पिस्तुलाची पेटी आहे. पेटी येते, पण ती नळी साफ कशी करायची हे पेटीबरोबर येत नाही.

माझ्या नजरेखालून गेलेल्या बिघडलेल्या बॅरलींत गोळ्या झाडून झिजलेल्या थोड्या होत्या. साफ करताना बिघडवलेल्या जास्त होत्या. त्यातली एक माझ्याच हातची आहे, ती आधी सांगतो.

ट्रेनिंग संपवून युनिटमध्ये गेल्यावर पहिलंच वर्ष. कोतमधलं, म्हणजे युनिटच्या शस्त्रागारातलं एक पिस्तूल हातात आलं, आत गंजाचा एक ठिपका होता, तुरीच्या डाळीएवढा. मी लोखंडी सळईला पॉलिश पेपर गुंडाळला आणि तोंडाकडून आत घालून घासत बसलो. ठिपका गेला. आतून बॅरल चांदीसारखी चमकायला लागली आणि मी ती अभिमानानं उस्तादांना, म्हणजे शिकवणाऱ्या हवालदारांना नव्हे तर आमच्या काम शिकवणाऱ्या वरिष्ठांना दाखवली. त्यांनी ती उजेडाकडं धरली, मग तोंडाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मला परत दिली. म्हणाले, “अब इसमें वो वापस डाल, जो निकाला है.” ती बॅरल बदलावी लागली. त्या दिवसापासून आजपर्यंत मी कुठल्याही बॅरलीत काही घालायच्या आधी ते वाक्य मनात म्हणतो.

का बदलावी लागली, ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. पिस्तुलाच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्या गोळीला फिरकी देतात, म्हणून गोळी सरळ जाते. या खाचांची खोली साधारण एक दशांश मिलिमीटर असते, म्हणजे एखाद-दुसऱ्या केसाच्या जाडीएवढी. पॉलिश पेपरनं पाच मिनिटं घासलं तरी खाचेची धार मरते. आणि नळीचं तोंड, जिथून गोळी शेवटचा स्पर्श करून बाहेर पडते, तिथली कड एका बाजूनं जरी झिजली तरी मागचा दाब गोळीला एका अंगानं आधी ढकलतो आणि गोळी वाकडी जाते. खाच आणि कड, एवढंच सांभाळायचं आहे. बाकी मळ निघतोच, आज नाही तर उद्या.

उद्यमनगरात ओळखीचं लेथ नसलेला कोल्हापूरकर विरळा. आमच्या गल्लीतल्या एका पोरानं फार मायेनं सुचवलं होतं, “काका, लेथवर धरून एमरी मारून देतो, आरसा होईल.” कारागीर उत्तम आहे तो, इंजिनाचा सिलिंडर त्यानं घासला तर मी डोळे झाकून बसवीन. पण बॅरलीला आरसा करायचाच नसतो. लेथ नको, ड्रिल मशीनला ब्रश लावणं नको, पॉलिश पेपर नको, ग्राइंडिंगची पेस्ट नको. तिथलं कॉटन वेस्टही नको, कारण त्यात लोखंडाचा बारीक कीस अडकलेला असतो आणि तो कानशीसारखं काम करतो.

आता हात घालू. पण त्याआधी शस्त्र रिकामं आहे का? “रिकामंच आहे हो” असं मला सांगू नका, दाखवा.

रिव्हॉल्व्हर असेल तर उघडा, काडतुसं बाहेर काढा आणि मोजा. सहाही घरांतून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. मग प्रत्येक घरावरून करंगळी फिरवा. पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन (मुठीतली काडतुसांची पेटी) बाहेर, मगच स्लाइड (वरचा सरकता भाग) मागं. हा क्रम उलटा झाला की घात होतो: आधी स्लाइड ओढली तर चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या घरात बसलेली गोळी बाहेर उडते, माणसाला वाटतं झालं रिकामं, पण स्लाइड पुढं जाताना मॅगझिनमधली दुसरी गोळी आत घेऊन जाते. त्यानंतर मॅगझिन काढलं तरी चेंबर भरलेलंच. काही पिस्तुलं उघडण्यासाठी चाप ओढावाच लागतो, आणि अपघात नेमका तिथं होतो. म्हणून मॅगझिन काढा, स्लाइड मागं ओढून अडकवा, चेंबर डोळ्यानं बघा, करंगळीनं चाचपा, एकदा दुसरीकडं नजर फिरवून पुन्हा बघा. हे सगळं होईपर्यंत तोंड वाळूनं भरलेल्या बादलीकडं. फौजेत कोतच्या बाहेर वाळूची जागा असते, घरात बादली पुरते. बाहेर काढलेली काडतुसं उचलून दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. शेजारी ठेवली तर एक धोका हा की ती पुन्हा आत जातात, आणि दुसरा हा की तेलाचे हात लागून काडतुसाच्या बुडातलं बार पेटवणारं रसायन निकामी होतं.

जागा कुठली? सोपा किंवा परडं, जिथं हवा खेळती आहे. स्वयंपाकघर नाही, देवघरासमोर नाही, पोरांच्या अभ्यासाच्या टेबलावर तर मुळीच नाही. खाली जुना पेपर अंथरा, पंखा बंद ठेवा. कारण मळ म्हणून जे निघणार आहे, त्यात शिसं आहे. गोळीचं शिसं असतं आणि काडतुसाच्या बुडातल्या रसायनातही असतं. ते बोटांवरून भाकरीवर आणि भाकरीवरून पोटात जातं. लहान पोरांच्या मेंदूला ते सगळ्यात वाईट. म्हणून पोरांना आणि पोटुशी बाई घरात असेल तर तिला त्या कोपऱ्यात येऊ देऊ नका. हातात नायट्राइलचे मोजे घाला. काम चालू असताना तंबाखू मळायची नाही, चहा घ्यायचा नाही. कॉम्प्रेसरच्या हवेनं नळी फुंकायची नाही, तीच धूळ तुमच्या नाकात येते. आणि मळक्या चिंध्या बंबात किंवा चुलीत टाकायच्या नाहीत. ही सवय मी जाणत्या लोकांतही बघितली आहे. चिंधी जळते, पण शिसं जळून नाहीसं होत नाही, ते धुरात आणि राखेत जातं, आणि त्या राखेनं मग आपण भांडी घासतो. जाड पिशवीत बांधून वेगळ्या ठेवा आणि घरातल्या घातक कचऱ्याबरोबर द्या.

साहित्याचं माझं मोजमाप एकच आहे: आत जाणारी वस्तू पोलादापेक्षा मऊ पाहिजे. झिजायचं असेल तर तिनं झिजावं.

रॉड पितळेचा किंवा प्लॅस्टिकचं आवरण असलेला घ्या, शक्यतो एकसंध. तीन तुकड्यांचा असेल तर सांध्यावरून नख फिरवून बघा. नख अडकलं तर ती कड खाचांनाही अडकणार. मूठ फिरणारी असावी, म्हणजे ब्रश पिळाबरोबर वळतो. ब्रश कांशाच्या तारेचा किंवा नायलॉनचा, तुमच्याच मापाचा. स्टीलच्या तारेचा ब्रश दुकानदारानं फुकट दिला तरी घेऊ नका.

चिंदीला मात्र मी जरा जास्त वेळ देतो. फौजेत ती मोजून मिळते, पुसायला 4 इंच बाय 2 इंच आणि तेल लावायला 4 इंच बाय दीड इंच. हा फरक उगाच नाही. पुसणारी चिंदी घट्ट बसायला हवी, म्हणजे ती खाचेच्या तळापर्यंत पोचते. तेलाची थोडी सैल हवी, नाहीतर नळीच्या तोंडाशीच तेल पिळून निघतं आणि आतपर्यंत काही पोचत नाही. ही मापं रायफलीच्या पुलथ्रूची, म्हणजे नळीतून चिंदी ओढायच्या दोरीची आहेत. पिस्तुलाच्या आखूड रॉडला लहान चौकोनी तुकडा पुरतो, पण पुसायची घट्ट आणि तेलाची सैल हे तसंच राहतं. कापड सुती पाहिजे. जुनी फ्लॅनेल सगळ्यात चांगली, नाहीतर बऱ्याच वेळा धुतलेलं बनियन. टेरिकॉट तेल शोषत नाही. आणि चिंदी कापताना कडेचे सुटे दोरे काढून टाका. एक दोरा मागं राहिला तरी तो ओल धरून बसतो आणि त्याच्या आकाराची गंजाची रेघ उमटते. मी अशी रेघ पाहिली आहे, टाक्यासारखी, इंचभर लांब.

आत वापरायच्या पातळ पदार्थांबद्दल लोकांचे प्रयोग ऐकून माझं काळीज हलतं. रॉकेल चालतं, मळ सोडवायला चांगलंच आहे, पण ते उडून जातं आणि मागं संरक्षण काही ठेवत नाही. म्हणून रॉकेलनंतर त्याच दिवशी तेल लावायला हवं. पेट्रोल आणि थिनर नको. त्यांची वाफ खाली जमिनीलगत पसरते आणि दूरच्या देवघरातल्या निरांजनापर्यंत पोचते. खोबरेल नको. थंडीत बाटलीत गोठतं ते बघता ना, तसंच यंत्रात गोठतं. शेंगतेल, करडईचं तेल काही महिन्यांत चिकट होऊन बसतं. साधं शिलाई मशीनचं तेल या सगळ्यांपेक्षा कितीतरी चांगलं, आणि शस्त्रांसाठीचं तेल मिळालं तर तेच घ्या. चिंच, लिंबू, पितळी भांडी उजळायची पावडर, गंज काढायची ॲसिडं हे पोलादावरचा निळा-काळा मुलामा खातात आणि उघडं पडलेलं पोलाद पहिल्याच पावसात गंजतं.

गोळी तांब्याच्या कवचाची असेल तर तांबं काढायचं अमोनियावालं सॉल्व्हंट दुकानात मिळतं. ते कामाचं आहे, पण डब्यावर लिहिलेल्या मिनिटांपेक्षा एक मिनिट जास्त आत ठेवू नका. निकेलचा मुलामा असलेल्या शस्त्राला ते लावूच नका, मुलाम्याखालच्या तांब्याच्या थराला ते धरतं. आणि दोन वेगळे डबे कधीही एकत्र करू नका. एकाचं काम झालं की कोरडं पुसा, मगच दुसरं.

हे एवढं ठासून सांगतो त्याला कारण माझा मेहुणा आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याच्याकडं गेलो तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर स्टीलची वाटी, तीत त्याच्या पिस्तुलाची सुटी बॅरल उभी, आणि वाटीतलं पाणी फसफसत होतं. मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघून त्यानं व्हिनेगर आणि जखमा धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड निम्मं निम्मं मिसळलं होतं. “दाजी, बघा की, शिसं कसं सुटून वर यायला लागलंय!” खरंच येत होतं. करड्या रंगाचे पापुद्रे तरंगत होते, त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता, आणि शेजारी दीड वर्षाची नात ओट्याला धरून उभी होती. मी आधी पोरीला उचलून बाहेर नेलं. त्या मिश्रणात शिसं विरघळून लेड ॲसिटेट होतं. ते शिशाचं मीठ पाण्यात विरघळतं, पोटातून अंगात सहज जातं, आणि चवीला गोड असतं. एरवी शिशाचा तुकडा पोटात गेला तर थोडा तरी तसाच बाहेर पडतो. हे मात्र शरीरात शिरायला तयार होऊनच बसलेलं विष आहे. वर ते ॲसिड बॅरललाही चावतं. वाटीतलं मोरीत ओतू न देता झाकणाच्या बाटलीत भरून वर चिठ्ठी लावली, वाटी कायमची घराबाहेर काढली, ओटा तीन वेळा साबणानं धुतला. मेहुणा नंतर म्हणाला, “व्हिनेगरच की, लोणच्यात घालतो आपण.” नुसतं व्हिनेगर लोणच्यात चालतं. शिशाबरोबर त्याचं काय होतं, ते त्या व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं.

शिसं काढायचा सुरक्षित मार्ग हळू आहे, पण तो आहे. सॉल्व्हंट लावून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, कांशाचा ब्रश फिरवायचा, पुसायचं, पुन्हा तेच. फारच थर बसला असेल तर जुन्या ब्रशभोवती तांब्याच्या जाळीचे चार धागे गुंडाळून फिरवा, तांबं पोलादापेक्षा मऊ असतं. पण बाजारात भांडी घासायची जी तांबड्या रंगाची जाळी मिळते, तिला आधी लोहचुंबक लावा. चिकटली तर आत लोखंड आहे आणि वर नुसता तांब्याचा रंग. ती भांड्यांनाच ठेवा.

आता प्रत्यक्ष काम. पिस्तुलाची बॅरल सुटी होत असेल तर सुटी करा आणि मागच्या बाजूनं, म्हणजे काडतूस बसतं तिकडून रॉड घाला. मळ पुढं तोंडाकडं जाऊन बाहेर पडला पाहिजे. रिव्हॉल्व्हरमध्ये बहुधा तोंडाकडूनच जावं लागतं. तिथं रॉडवर प्लॅस्टिकची किंवा पितळेची बाहुली चढवा, म्हणजे रॉड नळीच्या मधोमध राहतो आणि कडेला घासत नाही. ती नसेल तर रॉड सोडून दोरीचा पुलथ्रू वापरा. तो सरळ ओढा, तिरका ओढला तर दोरीसुद्धा कड झिजवते. ब्रश जोडलेला दोरखंडासारखा तयार पुलथ्रू मिळतो तोही चांगला आहे, पण तो धुवायचा असतो हे लोक विसरतात. मागच्या वेळची वाळू आणि शिसं त्याच्यातच असतं.

पहिली चिंदी सॉल्व्हंटमध्ये ओली करून एकदा आरपार. ती काळी निघेल, टाकून द्या, परत आत घालू नका. थांबा. ब्रश घाला, पूर्ण बाहेर निघेपर्यंत ढकला, मगच मागं ओढा. नळीच्या मध्यावर दिशा बदलली तर तारा वाकतात आणि ब्रश अडकून बसतो. आठ-दहा फेऱ्या पुरतात. प्रत्येक फेरीनंतर रॉड पुसा. ब्रश सॉल्व्हंटच्या डब्यात बुडवू नका, सगळा डबा घाण होतो. झाकणात थोडं ओतून घ्या. मग कोरड्या चिंध्या, एकामागून एक.

त्या चिंध्या पेपरवर ओळीनं मांडून ठेवा आणि वाचा. काळं म्हणजे दारूची काजळी, ते लवकर संपतं. करड्यात चमकणारे बारीक कण दिसले तर शिसं अजून आहे. हिरवट-निळं आलं तर तांबं. पण चिंदी धरणारं टोक पितळेचं असेल तर अमोनियाच्या सॉल्व्हंटनं ते टोकच निळा रंग सोडतं आणि माणूस फुकट घासत बसतो. तांबं काढताना टोक आणि ब्रश नायलॉनचे वापरा. तपकिरी म्हणजे गंज. शेवटची चिंदी पांढरी शुभ्र यायलाच हवी असा हट्ट धरू नका, फिकट करडी आली की थांबा. त्यापुढं तुम्ही मळ काढत नसता, हात चालवत असता.

आत बघायचं कसं? तोंडाला डोळा लावून कधीच नाही, बॅरल सुटी असल्याशिवाय. फौजेत शिकवतात ती युक्ती सांगतो: रिकामं शस्त्र उघडं ठेवून मागच्या बाजूला अंगठ्याचं नख असं तिरकं धरा की खिडकीचा उजेड नखावर पडून नळीत जाईल. काम आता बघण्याचंच उरलेलं असतं, तेव्हा त्या हाताचा मोजा काढून घ्या. सुट्या बॅरलीत हे सगळ्यात छान दिसतं. गुलाबीसर उजेडात खाचा पिळासारख्या वळत गेलेल्या दिसतात. शिसं असेल तर खाचेच्या कोपऱ्यात निस्तेज पट्टा दिसतो, आणि गंजाचा खड्डा उजेड गिळतो, काळा ठिपका राहतो. नखाऐवजी पांढऱ्या कागदाचा तुकडा चालतो, पण मला नखच आवडतं, ते हवं तसं वळतं. खड्डा दिसला तर त्याच्याशी झटू नका. गंज तेलानं मऊ करून निघेल तेवढा काढायचा, खड्डा तसाच राहू द्यायचा, पुढं वाढू द्यायचा नाही. माझ्या हातची ती पहिली बॅरल खड्ड्यासकट आणखी कैक वर्षं चालली असती.

.22 च्या पिस्तुलाची गोष्ट थोडी निराळी. त्याची गोळी मऊ शिशाची, तिच्यावर मेणाचा किंवा ग्रीसचा हात असतो, आणि त्या थराचा नळीत एक समतोल बसतो. दर सरावानंतर ब्रश फिरवून तो मोडू नका. कोरडी चिंदी, तेलाची चिंदी, बास. ब्रश कधीतरी, निशाण फुटायला लागलं, म्हणजे गोळ्या एका जागी न लागता पांगायला लागल्या तर.

एअर पिस्तुलात तर सॉल्व्हंट, तेल, तारेचा ब्रश यातलं काहीच नको. हे मी पालकांना हात जोडून सांगतो. तिथं दारू नसते, त्यामुळं काजळी नसते, थोडं शिसं तेवढं असतं. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरमध्ये दोनशे बारपर्यंत दाब असतो, आणि एवढ्या दाबाच्या हवेत साधं तेल गेलं तर पेट घेऊ शकतं. रबराचे सील खराब होतात ते वेगळंच. 4.5 मिलिमीटरचे फेल्टचे गोळे मिळतात, ते दोन-तीन एकदम घालून सुरक्षित दिशेला झाडायचे किंवा बारीक दोरीनं ओढायचे, कोरडेच. सिलिंडरला आणि त्याच्या जोडाला हात लावायचा नाही. त्यावर मुदत छापलेली असते, ती संपली की कारखान्याच्या माणसाकडं.

आपल्याकडं बॅरलीचा खरा शत्रू गोळी नाही, जून ते सप्टेंबरची हवा आहे. कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते त्या हवेत पोलाद काय टिकणार? उन्हाळ्यात दोन महिन्यांनी बघितलं तरी चालतं, पण पावसाळ्यात मी दर पंधरा दिवसांनी बघायला सांगतो, शस्त्र वापरलेलं नसलं तरी. घासायचं काही नाही, जुनं तेल कोरड्या चिंदीनं पुसून नव्या तेलाची एक फेरी. तेलाचा हात हलकाच, जास्त तेल ओघळून चापाच्या यंत्रात जातं. तोंड थोडं खाली करून ठेवा म्हणजे ओघळ तिकडं जाणार नाही. तोंडात बूच किंवा कापड कोंबू नका, आत ओल कोंडते, आणि विसरलात तर त्याच्यामागं गोळी सुटते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, अधूनमधून वाळवा.

चप्पल लाईनीत ओळखीच्या कारागिराकडून चामड्याचं कव्हर शिवून घेणारे खूप आहेत. कव्हर सुंदर होतं, पन्नास वर्षं टिकतं. पण आपलं कोल्हापुरी चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं. त्यात टॅनिन असतं, ते ओल धरतं, आणि त्यात आठवडाभर ठेवलेल्या शस्त्रावर कव्हराच्या शिलाईचा ठसा गंजानं उमटतो. कमरेला लावायचं तेव्हा लावा, घरी आल्यावर बाहेर काढा. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करायची वेळ येते, तेव्हाही चामड्याच्या कव्हरात देऊ नका. देण्याआधी नळीत तेलाची चिंदी फिरवून, तेलाचा हात लावलेल्या कापडात गुंडाळून, कोरड्या पिशवीत द्या. परत आल्यावर त्याच दिवशी उघडा.

खंडेनवमीला शस्त्रपूजा आपल्या घरात होणारच, माझ्याही होते. ओलं गंध, कुंकू, पाणी शिंपडलेला झेंडू थेट पोलादावर बसला आणि दसऱ्याच्या सोनं लुटण्याच्या गडबडीत तसाच राहिला, की दोन दिवसांत त्याखाली ठिपके पडतात. रिकामं शस्त्र पाटावर कापडावर ठेवा, गंधाचं बोट मुठीच्या लाकडाला लावा, फूल शेजारी वाहा. संध्याकाळी पुसून तेलाचा हात. देवीला त्यात काही उणं वाटत नाही.

2019 च्या ऑगस्टात पंचगंगा घराघरात शिरली तेव्हा शिरोळ तालुक्यातला एक शेतकरी आठ दिवस कपाटात पाण्याखाली राहिलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन आला होता. 2021 ला पुन्हा तेच झालं, म्हणून हे लिहून ठेवतो. पुराच्या पाण्यात गाळ असतो. तो वाळल्यावर ब्रश घातला तर तो पॉलिश पेपरच होतो. म्हणून आधी स्वच्छ पाण्यानं भरपूर धुवा, हो, पाण्यानं, गाळ तेलानं निघत नाही. मग कोरड्या चिंध्या, मग रॉकेलची फेरी, ते खाचांतलं पाणी हुसकावतं, मग पुन्हा कोरडं आणि शेवटी तेल. उन्हात तापवू नका, विस्तवावर तर नाहीच. भिजलेली काडतुसं वाळवून वापरू नका, ती परवानाधारक दुकानदाराकडं किंवा पोलिसांकडं जमा करा. आणि असं शस्त्र परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्यानं आतून तपासल्याशिवाय झाडू नका. त्या शेतकऱ्याला मी तेच सांगितलं. त्यानं ऐकलं, आणि तपासणीत एक स्प्रिंग आतून गंजून तुटायला आलेली निघाली.

नळीत चिंदी किंवा गोळी अडकली आणि दोन सरळ प्रयत्नांत निघाली नाही तर हातोडी घेऊ नका, दुसरी गोळी झाडून ती काढायचा विचार तर स्वप्नातही नको. अडकलेल्या गोळीमागं दुसरी सुटली की नळी फुगते किंवा फुटते. शस्त्र रिकामं करून, परवाना बरोबर घेऊन दुरुस्तीवाल्याकडं जा. दुसऱ्याच्या हाती पाठवायचं असेल तर लेखी अधिकारपत्र द्या.

रेंजवर जाताना निघण्याआधी एक कोरडी चिंदी पुन्हा फिरवा. साठवणीचं तेल नळीत साचलेलं असताना गोळी झाडली तर दाब वाढतो आणि पहिले काही नेम भरकटतात. चिंदी बाहेर आली का, अख्खी आली का, हातात धरून बघा. नखाचा उजेड पाडून नळी आरपार मोकळी दिसली की शस्त्र जोडा, पेटीत ठेवा, कुलूप लावा. मोजे उलटे करून काढा, कोपरापर्यंत साबणानं आणि थंड पाण्यानं हात धुवा, नखांच्या आतसुद्धा. मग आत या, चहा ठेवलाय.